बरोबर उत्तराला दिलेले पूर्ण गुण: (२क्ष + ३) या अवयवाचं एक प्रकरण

प्रश्न असा होता: (२क्ष + ३) हा २क्ष³ + ७क्ष² − ९ या बहुपदीचा अवयव आहे का, ते तपासा. गुण तीन.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत मी घरीच नववी-दहावीच्या गणिताचा क्लास घेते. मुलं मराठी माध्यमाची, आसपासच्या पेठांतली, काही उद्यमनगरकडची. हा प्रश्न मीच काढला आणि पेपरही मीच तपासले. त्यात एका मुलीला तीनपैकी तीन गुण दिले, एका मुलाला शून्य. दोन दिवसांनी उलगडा झाला, तो असा: जिला पूर्ण गुण मिळाले तिला अवयव तपासायची रीत कळलेलीच नव्हती, आणि ज्याला भोपळा मिळाला त्याला ती कळली होती. हे कसं घडलं, त्या दोघांनी नेमका काय विचार केला होता आणि प्रश्न काढताना माझं कुठे चुकलं, ते इथे सविस्तर मांडते आहे. नववीला बहुपदी शिकवणाऱ्या कुणाच्याही टेबलावर असा पेपर येऊ शकतो.

(चलासाठी हल्लीच्या पुस्तकांत इंग्रजी अक्षर असतं. मी फळ्यावर पहिल्यापासून क्षच लिहीत आले, इथेही तोच ठेवते. बहुपदीला प(क्ष) म्हणू.)

दोन उत्तरपत्रिका

ऑगस्टचा पहिला आठवडा होता. पावसाने झड धरली होती, शाळांना सुट्टी मिळाली होती आणि क्लासला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट? बहुपदीचं प्रकरण नुकतंच संपलं होतं. शेष सिद्धांत, अवयव सिद्धांत, संश्लेषक भागाकार (नुसते सहगुणक मांडून करायचा भागाकार), सगळं शिकवून झालं होतं. मुलं मोकळी होती, म्हणून चाचणी घेतली.

मुलीने लिहिलं होतं:

भाजक २क्ष + ३, म्हणून क्ष = −३.
प(−३) = २(−२७) + ७(९) − ९ = −५४ + ६३ − ९ = ०.
बाकी शून्य, म्हणून (२क्ष + ३) हा अवयव आहे.

मुलाने लिहिलं होतं:

२क्ष + ३ = ०, म्हणून क्ष = −३/२.
सहगुणक २, ७, −९.
२ तसाच खाली. २ × (−३/२) = −३, आणि ७ − ३ = ४. ४ × (−३/२) = −६, आणि −९ − ६ = −१५.
बाकी −१५, म्हणून (२क्ष + ३) हा अवयव नाही.

अवयव आहे, हेच खरं उत्तर. तपासताना माझ्या उत्तरसूचीत ‘होय, अवयव आहे’ एवढीच ओळ होती. रात्र झाली होती, वीज दोनदा जाऊन आली होती, आणि माझी नजर प्रत्येक पेपरात शेवटच्या ओळीवर जात होती. मुलीचं अक्षर सुरेख, मांडणी टापटीप, बाकी शून्य. तीन गुण. मुलाची बाकी −१५. शून्य.

पेपर वाटले, आणि पाचच मिनिटांत मुलगा तिचा पेपर घेऊन माझ्यासमोर आला. स्वतःच्या गुणांबद्दल त्याची तक्रार नव्हती.

“मॅडम, माझं काहीतरी चुकलंय ते कबूल. पण हिचं बरोबर कसं? हिनं मायनस तीन घातलाय.”

मुलगी तिथूनच म्हणाली, “उत्तर बरोबर आलंय की! चिन्ह बदलून घाला म्हणून मॅडमनीच सांगितल्यात.”

मी पेपर हातात घेतला, तिची पहिली ओळ वाचली आणि अंगावर काटा आला. काल रात्री ती ओळ मी वाचलीच नव्हती.

चिन्ह बदलून घाला

मुलीच्या चुकीचा उगम शोधायला लांब जावं लागलं नाही. तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. शेष सिद्धांत शिकवताना पहिले आठ-दहा दिवस मी जी उदाहरणं घेतली, त्यांतले सगळे भाजक (क्ष − २), (क्ष + १), (क्ष − ४) असेच होते. क्षचा सहगुणक नेहमी १. अशा भाजकांत ‘शेवटच्या संख्येचं चिन्ह बदलून क्षच्या जागी घाला’ ही युक्ती दर वेळी बरोबर ठरते. मी ती फळ्यावर बोलून दाखवली, मुलांनी वहीत चौकट करून लिहून घेतली. नंतर (२क्ष + ३) सारखे भाजक आले तेव्हा ‘भाजक शून्याबरोबर मांडा’ असंही मी सांगितलं होतं. पण चौकट आधीच आखली गेली होती. मुलाने दुसरं वाक्य धरलं, मुलीने पहिलं.

मी तिला विचारलं, “तू मायनस तीन का घातलास?”

“शेवटी प्लस तीन हाय म्हणून.”

“आणि समोरच्या दोनाचं काय?”

“तो क्षबरोबर हाय की. त्याचं काय करायचं?”

या उत्तरातच सगळं निदान होतं. तिच्या लेखी −३ ही संख्या भाजकाच्या शेपटीतून येते. भाजक शून्य होणं, हा विचार तिच्या मनात कुठे नव्हताच. म्हणजे तिने सिद्धांत चुकीचा वापरला नव्हता. ती सिद्धांत वापरतच नव्हती, एक कृती करत होती.

एकटी तीच नव्हती. त्या रात्री सगळे पेपर पुन्हा काढून बसले तेव्हा −३ घातलेले आणखी काही पेपर सापडले, आणि त्या प्रत्येकावर माझ्या हातचे तीन गुण होते.

मग शून्य आलं कसं?

खरा पेच हाच होता. चुकीची किंमत घालूनही बाकी शून्य कशी आली? योगायोग म्हणून सोडून देणं मला पटेना. गणितात योगायोगालाही कारण असतं.

आधी योग्य किंमत घालून पाहिली. प(−३/२) म्हणजे २ × (−२७/८) + ७ × (९/४) − ९. सगळ्यांचा छेद ४ करू: −२७/४ + ६३/४ − ३६/४ = ०. म्हणजे (२क्ष + ३) हा अवयव आहेच. भागाकार केला तर क्ष² + २क्ष − ३ येतो, आणि त्याचे अवयव (क्ष + ३)(क्ष − १). म्हणून पूर्ण बहुपदी अशी:

२क्ष³ + ७क्ष² − ९ = (२क्ष + ३)(क्ष + ३)(क्ष − १)

मधला कंस पाहा. (क्ष + ३) हाही या बहुपदीचा अवयव आहे. मुलीने −३ घातली तेव्हा तिने नकळत (क्ष + ३) तपासला, तो अवयव निघाला, आणि तिने निकाल दिला (२क्ष + ३) चा. प्रश्न एकाचा, साक्ष दुसऱ्याची. नेमके दोघेही अवयव असल्यामुळे तिची चूक झाकली गेली.

दोष माझा होता. प्रश्न तयार करताना मी उलट्या बाजूने गेले होते. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून (क्ष + ३) आणि (क्ष − १) हे हातातले कंस घेतले, त्यांना (२क्ष + ३) जोडला, गुणाकार केला. क्षचं पद गळलं तेव्हा बरंच वाटलं, मुलं शून्य लिहायला विसरतात का ते दिसेल म्हणून. पण दोन्ही कंसांत ३ आहे, आणि ‘चिन्ह बदला’वाल्या मुलाला दोन्हीकडून −३ च मिळणार आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीला थोडं लवकर बोलावलं. सिद्धांत पुन्हा समजावून सांगायला सुरुवात केली नाही. तिला फक्त दोन बहुपदी दिल्या आणि दोन्हींसाठी (२क्ष + ३) तिच्या रीतीने तपासायला सांगितलं.

पहिली: २क्ष³ + ३क्ष² − २क्ष − ३. तिने −३ घातली: −५४ + २७ + ६ − ३ = −२४. “अवयव नाही,” ती म्हणाली. मग तिला नेहमीचा लांब भागाकार करायला सांगितलं. २क्ष + ३ ने भागलं, भागाकार क्ष² − १ आला आणि बाकी शून्य. तिने पुन्हा भागलं. पुन्हा शून्य.

दुसरी: क्ष³ + ३क्ष² + क्ष + ३. तिने −३ घातली: −२७ + २७ − ३ + ३ = ०. “हा अवयव.” इथे लांब भागाकारात अपूर्णांकांची गर्दी होते, म्हणून वेगळी वाट घेतली. क्षच्या जागी १० घाल म्हटलं. बहुपदी १०००+३००+१०+३ म्हणजे १३१३, आणि भाजक २३. तिने १३१३ ला २३ ने भागलं: २३ × ५७ = १३११, उरले २. भाग गेला नाही.

क्षच्या जागी १० घालणं ही माझी आवडती चाचपणी आहे, पण तिची मर्यादा मुलांना सांगावी लागते. १० घालून भाग गेला म्हणून अवयव सिद्ध होत नाही, एखाद्या संख्येला योगायोगाने भाग जाऊ शकतो. भाग गेला नाही, तर मात्र संशय पक्का करावा. (सगळे सहगुणक पूर्णांक असतील आणि भाजकाच्या दोन्ही सहगुणकांना १ सोडून सामाईक विभाजक नसेल, तर भाग न जाणं हा ‘अवयव नाही’ याचा पुरावाच असतो.) आमच्या मूळ बहुपदीत १० घातल्यावर २६९१ येतात, आणि २६९१ = २३ × १३ × ९. तिन्ही कंस संख्यांच्या रूपात समोर उभे राहतात. मुलीला हे फार आवडलं. तिने स्वतःहून ११ घालून पाहिलं: ३५००, आणि २५ × १४ × १०. मग म्हणाली, “म्हणजे मायनस तीन घातलं तर यातला मधला शून्य झाला!”

इथे मी थांबले. पुढचं तिला दिसू लागलं होतं.

बाकी एकटी कधी उरते

तरी एक गोष्ट उरलीच होती. दुसऱ्या कंसामुळे शून्य आलं हे कळलं, पण −३/२ च का घालायची? एवढा मान त्याच एका किमतीला का?

कोणत्याही प(क्ष) ला (२क्ष + ३) ने भागलं की असं मांडता येतं:

प(क्ष) = (२क्ष + ३) × भागाकार + बाकी

भाजकाची कोटी, म्हणजे त्यातला क्षचा सर्वांत मोठा घातांक, १ आहे. बाकीची कोटी त्याहून कमी हवी, म्हणजे बाकीत क्ष असूच शकत नाही, ती साधी संख्या असते. क्षला कोणतीही किंमत दिली तरी ती तीच राहते. आपल्याला हवी आहे ती ही संख्या. पण ती एका मोठ्या गुणाकाराच्या शेजारी उभी आहे, आणि त्या गुणाकाराला बाजूला करायचा एकच खात्रीचा उपाय आहे: (२क्ष + ३) ला शून्य करणे. मग भागाकार कितीही मोठा, कितीही अनोळखी असो, त्याला शून्याने गुणलं जातं आणि बाकी एकटी उरते. हा शेष सिद्धांत. ती उरलेली बाकी शून्य असेल तर प(क्ष) = (२क्ष + ३) × भागाकार एवढंच राहतं. हा अवयव सिद्धांत. उलट बाजूही इथेच दिसते: (२क्ष + ३) अवयव असेल तर −३/२ घातल्यावर बहुपदी शून्य व्हायलाच हवी.

आता −३ घालून पाहा. कंस शून्य होत नाही, −३ होतो. म्हणजे प(−३) = −३ × (भागाकाराची −३ ला येणारी किंमत) + बाकी. दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या. त्यांची बेरीज शून्य आली, तरी बाकी शून्य आहे असं म्हणता येत नाही. आमच्या बहुपदीत भागाकार क्ष² + २क्ष − ३ होता, आणि −३ घातल्यावर ९ − ६ − ३ = ०. म्हणून सगळंच शून्य दिसलं.

संध्याकाळी सगळ्या वर्गाला हे सांगताना उदाहरण शोधावं लागलं नाही, ते खिडकीबाहेर कोसळत होतं. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट, इशारा पातळी ३९. कोल्हापुरातलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगतं. मी विचारलं, “सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४३ फुटांवर गेली तर?” ज्याचे मामा सांगलीला असतात तो लगेच म्हणाला, “तिथं धोका पंचेचाळीसला, मॅडम. चाळीसला इशारा.” बंधाऱ्याचा आकडा पुलाला लावून चालत नाही. तसाच प्रत्येक भाजकाचा स्वतःचा एक आकडा असतो, त्यालाच तो शून्य होतो. −३ हा (क्ष + ३) चा आकडा. (२क्ष + ३) चा −३/२. वहीतली जुनी चौकट सगळ्यांना खोडायला लावली आणि तिथे नवीन ओळ लिहायला सांगितली: आधी भाजक = ० मांडा, मगच क्षची किंमत काढा.

मुलाचे वजा पंधरा

मुलाकडे वळायला मला उशीर झाला. मुलीची चूक एवढी ठळक दिसत होती, की त्याची चूक मी मनात ‘शून्य लिहायला विसरला’ अशी नोंदवून टाकली होती. त्याच्याशी बोलल्यावर ती एवढी वरवरची वाटेना.

त्याने −१५ ही संख्या हवेतून काढली नव्हती. त्याची आकडेमोड काटेकोर होती. फक्त ती वेगळ्याच बहुपदीची होती. सहगुणक रूपात २, ७, −९ असं लिहिलं की ती २क्ष² + ७क्ष − ९ ही वर्ग बहुपदी होते. तिच्यात −३/२ घाला: ४.५ − १०.५ − ९ = −१५. त्याची बाकी बिनचूक होती, बहुपदी दुसरी होती.

“दोन हजार सातशे नऊ रुपये आकड्यात लिही,” मी म्हटलं. त्याने २७०९ लिहिलं. “शून्य कशाला लिहिलास? दशक तर नाहीच.”

“मग दोनशे एकोणऐंशी होतील की!” म्हणाला, आणि स्वतःच पेपराकडे बघत राहिला.

त्याने मांडणी पुन्हा केली: २, ७, ०, −९. खाली २, मग ४, मग −६, मग −९ + ९ = ०. बाकी शून्य. पण लगेच दुसरी गाठ आली. त्याने लिहिलं, (२क्ष + ३)(२क्ष² + ४क्ष − ६). मी काही बोलले नाही, फक्त पहिल्या पदांचा गुणाकार करायला सांगितला. “चार क्ष घन. दुप्पट येतंय.” संश्लेषक भागाकारात त्याने −३/२ वापरली, म्हणजे खरं तर (क्ष + ३/२) ने भागलं होतं. (२क्ष + ३) हा त्याच्या दुप्पट आहे, म्हणून भागाकार निम्मा घ्यायचा: क्ष² + २क्ष − ३. बाकी मात्र दोन्हीकडे तीच राहते. अवयव आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर या निम्म्याची गरज पडत नाही, म्हणून हा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो, आणि पुढे अवयव पाडताना अंगाशी येतो.

शून्याची सवय लागावी म्हणून त्याला भास्कराचार्यांचं एक उदाहरण दिलं. ‘बीजगणित’ या ग्रंथात त्यांनी एक चतुर्घात समीकरण सोडवलं आहे, आपल्या लिखाणात ते क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९ असं होतं. त्यांनी दोन्ही बाजूंत ४क्ष² + ४००क्ष + १ मिळवून दोन्हीकडे पूर्ण वर्ग केले आणि उत्तर ११ काढलं. आपण त्याची पडताळणी आपल्या रीतीने करू शकतो. क्ष³ चं पद नाही, म्हणून सहगुणक १, ०, −२, −४००, −९९९९. आता ११ घेऊन: १, ११, ११९, ९०९, ०. शेवटची पायरी ९०९ × ११ = ९९९९ अशी चपखल जुळते, तेव्हा मुलाने वही माझ्यापुढे सरकवली. त्यातलं दुसऱ्या जागचं ते शून्य लिहिलं नसतं तर काय आलं असतं, तेही त्याने करून पाहिलं. मग आलेल्या भागाकारावर −९ घेऊन बघ म्हटलं: १, २, १०१, ०. म्हणजे (क्ष + ९) सुद्धा अवयव. १२ व्या शतकातल्या उदाहरणावर अवयव सिद्धांत चालवून बघताना नववीतला मुलगा जसा रंगून गेला, तसं मी त्याला याआधी पाहिलं नव्हतं. संश्लेषक भागाकाराची ही मांडणी पुष्कळ नंतरची. तिच्याशी रुफिनी आणि हॉर्नर या गणितज्ञांची नावं जोडली जातात, १८०४ आणि १८१९ सालच्या त्यांच्या कामामुळे. आणि (क्ष − अ) ने भाग जाणं म्हणजेच अ हे समीकरणाचं मूळ असणं, हे फ्रेंच गणितज्ञ देकार्तने १६३७ साली लिहून ठेवलं आहे.

दोन तोंडांचं गेज

गुणांचा प्रश्न राहिला होता. मुलाला तीनपैकी दोन दिले. भाजक शून्य करून योग्य किंमत काढली, संश्लेषक भागाकार बरोबर चालवला, एक पद सुटलं. मुलीचे गुण मी कमी केले नाहीत, आणि हा निर्णय मी सगळ्यांसमोर सांगितला: प्रश्न सदोष होता, त्याची किंमत तिने का मोजावी? पण तिच्या पेपरावर पहिल्या ओळीखाली लाल रेघ ओढून ‘किंमत चुकली’ असं लिहिलं. तिला ते गुण कमी होण्यापेक्षा जास्त लागलं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

त्या संध्याकाळी मुलाचे वडील त्याला न्यायला आले. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं मशीन शॉप आहे. पोराने दारातच सगळी कथा सांगून टाकली. ते जरा विचार करून म्हणाले, “मॅडम, भोक तपासायचं आमचं गेज दोन तोंडांचं असतंय. एक तोंड आत गेलंच पाहिजे, दुसरं आत गेलं नाही पाहिजे. नुसतं जाणारं तोंड लावून बघितलं तर मोठं पडलेलं भोकपण पास होतंय. तुमच्या प्रश्नाला दुसरं तोंडच नव्हतं.”

वर्षानुवर्षं प्रश्न काढत आले, पण ही कसोटी मला कुणी एवढी नेमकी सांगितली नव्हती. बरोबर रीत वापरणारा मुलगा प्रश्नातून पार व्हायला हवा, एवढंच मी पाहत आले होते. चुकीच्या रीतीचा मुलगा त्यात अडकायलाच हवा, हे पाहत नव्हते.

तेव्हापासून प्रश्न काढताना आधी चुकीच्या किमतींची यादी करते. (२क्ष − ५) विचारायचा असेल, तर मुलं काय काय घालतील? ५, −५, −५/२, उलटा अपूर्णांक २/५. यातली एकही किंमत बहुपदीला शून्य करता कामा नये. त्यासाठी एक सोपा मार्ग सापडला: दुसरा कंस असा घ्यायचा, जो क्षच्या कोणत्याही वास्तव किमतीला शून्य होतच नाही. उदाहरणार्थ क्ष² + २क्ष + ५. हा (क्ष + १)² + ४ आहे, म्हणजे ४ च्या खाली कधीच जात नाही. (२क्ष − ५) ने गुणलं की २क्ष³ − क्ष² − २५ तयार होते. इथे ५/२ सोडून दुसरी कोणतीही संख्या घाला, शून्य येणार नाही. शिवाय क्षचं पद गळलेलं आहे, त्यामुळे शून्य विसरणाराही पकडला जातो. आणि अशा प्रश्नाशेजारी दुसरा एक प्रश्न हवाच, ज्यात चुकीची किंमत शून्य देते पण अवयव नसतो. मुलीला दिलेली क्ष³ + ३क्ष² + क्ष + ३ तशी होती.

उत्तरसूचीही बदलली. पहिला गुण ‘भाजक = ०’ या ओळीला, दुसरा किंमत घालण्याला किंवा भागाकाराच्या मांडणीला, शेवटचा निष्कर्षाला. पहिली ओळ चुकली तर पुढचं वाचते, पण ‘होय’ला गुण देत नाही.

गणपतीनंतर

गौरी-गणपतीची सुट्टी संपली आणि पुन्हा चाचणी घेतली. दोनच प्रश्न.

पहिला वरचाच, (२क्ष − ५) आणि २क्ष³ − क्ष² − २५. मुलाने सहगुणक २, −१, ०, −२५ लिहिले, शून्याभोवती गोल केला, बाकी ० आणली, भागाकार निम्मा करून क्ष² + २क्ष + ५ लिहिला. मुलीने भाजक शून्य मांडून ५/२ घातली: १२५/४ − २५/४ − १०० /४ = ०. −३ च्या पठडीतले बाकीचेही बहुतेक सुटले. एकाने मात्र अजून ५ च घातले, बाकी २०० आली, आणि त्याला तिथल्या तिथे समोर बसवता आलं. जुन्या प्रश्नाने तो दाखवला नसता.

दुसरा प्रश्नही भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तल्या एका घन समीकरणावरून केला होता: (५ − क्ष) हा क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ३५ चा अवयव आहे का? भाजक मुद्दाम उलटा लिहिला होता. इथे शेवटचं चिन्ह बदलायला जागाच नाही, शेवटी संख्या नाही, क्ष आहे.

मुलीच्या पेपरात पहिल्या ओळीत क्ष = −५ लिहिलेलं होतं आणि त्यावर एक सरळ रेघ. खाली: ५ − क्ष = ०, म्हणून क्ष = ५. प(५) = १२५ − १५० + ६० − ३५ = ०, म्हणून अवयव आहे. पेपर देताना ती थांबली आणि विचारलं, “मॅडम, मी आधी क्ष वजा पाचनं भागून बघितलो. भागाकार क्ष² − क्ष + ७ आला. मग पाच वजा क्षनं भागलं तर सगळी चिन्हं उलटी येतील ना?”

“लिहून बघ,” मी म्हटलं.

ती तिथेच, दारातल्या स्टुलावर बसली. (५ − क्ष)(−क्ष² + क्ष − ७) लिहिलं, पद न पद गुणलं, आणि शेवटच्या −३५ ला पोचल्यावर पेपर माझ्या हातात दिला.